सिफ फाइलमधून पोअरची मापं काढायची आहेत? आधी हा क्रम बघून घ्या

मॉफ (मेटल आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय दुवे, म्हणजे लिंकर, यांचं सच्छिद्र क्रिस्टल) असो, कॉफ (तसंच, पण मेटलशिवाय) असो नाहीतर झिओलाइट (सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं सच्छिद्र क्रिस्टल), बहुतेकांची पद्धत एकच: सिफ फाइल (क्रिस्टलमधल्या अणूंच्या जागा लिहिलेली टेक्स्ट फाइल) डाउनलोड केली, पोअर म्हणजे आतली सूक्ष्म छिद्रं मोजणाऱ्या झिओ प्लस प्लस या सॉफ्टवेअरला दिली, आकडा आला, टेबलमध्ये भरला. अडचण अशी आहे की या सॉफ्टवेअरला काहीही दिलं तरी ते आकडा देतंच. पोअरमध्ये पाणी तसंच राहिलेलं असो, सगळे हायड्रोजन गायब असोत, अर्धे अणू दोनदा मोजलेले असोत, एरर येत नाही, उलट तीन-चार दशांशांपर्यंत छान दिसणारा आकडा येतो आणि मग तो खरा वाटायला लागतो. कमांड चालवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, खरं काम त्याच्या आधी आणि थोडं नंतर असतं, म्हणून खाली कमांडपेक्षा तयारीवरच जास्त लिहिलंय.

उदाहरणं झिओ प्लस प्लसची घेतलीत कारण ते फुकट आहे आणि सगळीकडे तेच वापरतात, पण पोअरब्लेझर किंवा रास्पा हे दुसरे प्रोग्रॅम वापरत असाल तरी चुका याच होतात. ऑप्शनची नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लहान अक्षरांत.

## १. आधी ठरवा नेमकं काय हवंय

"पोअर साइज" असं एकच माप नसतं. पोकळीत मावेल असा सगळ्यात मोठा गोळा हे एक माप, क्रिस्टलच्या आरपार जाऊ शकेल असा सगळ्यात मोठा गोळा हे दुसरं. पहिलं पोकळीचं, दुसरं खिडकीचं. एलटीए या प्रकारच्या झिओलाइटमध्ये पहिलं ११.०५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर) आहे आणि दुसरं फक्त ४.२१, म्हणजे दोन्हींत अडीच पटीहून जास्त फरक. रेणू आत शिरेल का हे बघायचं असेल तर खिडकी बघा, आत किती मावेल हा प्रश्न असेल तर पोकळी आणि व्हॉल्यूम. कुठलं माप कशासाठी हे फाइल उघडायच्या आधी एका ओळीत लिहून ठेवा.

## २. फाइल कुठली उचलताय

झिओलाइटच्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमधल्या फाइली आयडियल सिलिका फ्रेमवर्कच्या (क्रिस्टलच्या सांगाड्याच्या) असतात, त्यात कॅटायन (सोडियमसारखे पॉझिटिव्ह आयन) नसतात. आणि बाजारात मिळणारं ४ए म्हणजे एलटीएचंच सोडियम रूप, त्यात सोडियम आठ-ऑक्सिजनच्या खिडकीपाशी बसलेला असतो. पोटॅशियम घातला की ३ए, कॅल्शियम घातला की ५ए. तिघांचं फ्रेमवर्क तेच, खिडकी मात्र वेगळी. त्यामुळे आयडियल फाइलमधला ४.२१ घेऊन "४ए मधून अमुक गॅस जाईल" असं लिहिलंत तर तो निष्कर्ष तुमच्या मटेरियलचा नाहीच.

मॉफसाठी केंब्रिजचा डेटाबेस, ओपन असलेला सीओडी, किंवा कोअर मॉफ (पहिली आवृत्ती २०१४ ची, मोठी सुधारणा २०१९ ची). कोअर मॉफमध्ये सॉल्व्हंट (मटेरियल बनवताना वापरलेला आणि पोअरमध्ये उरलेला द्रावक) काढून दिलेला असतो, पण ते काम स्क्रिप्टने केलेलं असतं, तेव्हा डोळे मिटून भरवसा ठेवू नका. आणि एमआयएल-५३ सारखं "श्वास घेणारं" मटेरियल असेल तर उघडं रूप आणि मिटलेलं रूप यांच्या फाइली वेगवेगळ्या असतात, नाव एकच दिसतं म्हणून हाताला लागेल ती उचलायची नाही.

## ३. साफसफाई, आणि ती याच क्रमाने

बहुतेक चुका इथेच होतात. क्रम असा: डिसऑर्डर (एकच अणू एकाहून जास्त जागी नोंदलेला असणं), मग सॉल्व्हंट, मग हायड्रोजन, मग पी-१ (सेल, म्हणजे क्रिस्टलमध्ये परत परत येणारा डबा, त्यातला प्रत्येक अणू सुटा लिहून काढणं). उलटसुलट केलं तर काय होतं ते प्रत्येक ठिकाणी सांगतो.

३.१ डिसऑर्डर. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा (हो, टेक्स्ट एडिटरमध्येच, चित्र बघून हे कळत नाही) आणि ऑक्युपन्सीचा (त्या जागी अणू किती प्रमाणात असतो त्याचा) कॉलम वाचा. १ पेक्षा कमी आकडे दिसले तर तो अणू खरं तर दोन किंवा जास्त जागी वाटलेला आहे आणि फाइलमध्ये सगळ्या जागा लिहिलेल्या आहेत. झिओ प्लस प्लस त्या प्रत्येकाला पूर्ण अणू धरतं. फिनाइल रिंग दोन दिशांना वळलेली असेल तर त्याच्या दृष्टीने तिथे दोन रिंगा एकमेकींत घुसलेल्या असतात आणि खिडकी विनाकारण अरुंद होते. एकच पर्याय ठेवा, बाकीचे डिलीट. अणूंपुढे डिसऑर्डर ग्रुपचे नंबर असतील तर एका नंबरचे सगळे ठेवा, थोडे इकडचे थोडे तिकडचे असं नको.

हे पी-१ करायच्या आधी करायचं, कारण पी-१ करताना बरीच टूल्स हे ग्रुप नंबर टाकून देतात आणि मग शेकडो अणूंमधून जोड्या शोधत बसावं लागतं. अपवाद एकच: डिसऑर्डर सिमेट्रीमुळेच तयार झालेला असेल, म्हणजे अणू लिहिलाय एकच पण आरशासारख्या सिमेट्रीने त्याची जुळी प्रत बनतेय, तर पी-१ केल्याशिवाय त्यातली एक प्रत काढताच येत नाही. मिथाइल ग्रुपचे हायड्रोजन असे अर्धे-अर्धे सहा दिसतात, त्यातले एकाआड एक तीन ठेवायचे.

३.२ सॉल्व्हंट. सॉल्व्हंट दोन प्रकारचा. एक पोअरमध्ये नुसता पडलेला, तो काढायचाच. दुसरा मेटलला धरून बसलेला, जसं एचकेयूएसटी-१ या मॉफमध्ये कॉपरवर बसलेलं पाणी. तुमचं सॅम्पल तापवून व्हॅक्यूमखाली ॲक्टिव्हेट केलेलं असेल आणि ते पाणी खरंच निघत असेल तर काढा, नाहीतर ठेवा. हा निर्णय प्रयोग बघून घ्यायचा, सॉफ्टवेअरच्या डीफॉल्टवर सोडायचा नाही.

डिसऑर्डर आधी का, ते इथे कळतं. सॉल्व्हंट काढणाऱ्या स्क्रिप्ट अंतरावरून बाँड ठरवतात आणि फ्रेमवर्कपासून सुटा पडलेला तुकडा फेकतात. डिसऑर्डरच्या जास्तीच्या प्रती तशाच असतील तर खोटे बाँड जुळतात, सॉल्व्हंट फ्रेमवर्कला चिकटलेला दिसतो आणि जागेवरच राहतो.

> सावधान: सुटा तुकडा दिसला की तो सॉल्व्हंटच असं नाही. डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये बनवलेल्या बऱ्याच मॉफमध्ये डीएमएफ तुटून डायमिथाइल-अमोनियम तयार होतो आणि निगेटिव्ह फ्रेमवर्कचा चार्ज सांभाळत पोअरमध्ये बसतो. स्क्रिप्ट त्यालाही कचरा समजून काढून टाकते, पोअर मोठं होतं, सरफेस एरिया वाढतो, सगळे खूश. पण असं मटेरियल अस्तित्वातच नसतं. फॉर्म्युल्याचा चार्ज हाताने जुळवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

याची उलटी बाजूही आहे. सॉल्व्हंट फारच विखुरलेला असला की क्रिस्टलोग्राफर स्क्वीझ नावाची प्रक्रिया वापरून त्याचा वाटा डेटामधूनच वजा करतात. अशा फाइलमध्ये सॉल्व्हंटचे अणू नसतात पण फॉर्म्युला आणि डेन्सिटी मात्र बऱ्याचदा सॉल्व्हंट धरून लिहिलेली असते. आणि स्क्वीझने चार्ज सांभाळणारा काउंटर आयनही गिळलेला असू शकतो, तेव्हा चार्जचा हिशोब इथेही करायचाच.

३.३ हायड्रोजन. जुन्या एक्स-रे स्ट्रक्चरमध्ये हायड्रोजन लिहिलेलेच नसतात. लिंकरचे हायड्रोजन नेमके पोअरच्या तोंडाकडे बघत असतात, त्यामुळे ते नसले की खिडकी खोटी मोठी दिसते. मर्क्युरी या क्रिस्टल बघायच्या प्रोग्रॅममधून घालून घ्या. असतील तरी एक गोष्ट बघा: एक्स-रेमध्ये कार्बन-हायड्रोजन अंतर साधारण ०.९३ ते ०.९५ अँगस्ट्रॉम येतं, खरं अंतर १.०८-१.०९ असतं. समोरासमोर दोन हायड्रोजन असलेल्या खिडकीत एवढ्यानेच पाव अँगस्ट्रॉमचा फरक पडतो. मर्क्युरीत ही अंतरं न्यूट्रॉनच्या मापाला नॉर्मलाइज करायची सोय आहे, ती वापरा.

३.४ पी-१. आता सिमेट्री उलगडून सेलमधले सगळे अणू लिहून घ्या. व्हेस्टा, पायमॅटजेन, एएसई, यातल्या कुठल्याही टूलने होतं. एखादं टूल सिमेट्री वाचतं की नाही या वादात पडण्यापेक्षा पी-१ देऊन मोकळं व्हा.

## ४. कमांडच्या आधी तीन चेक

अणूंची संख्या आणि डेन्सिटी. मॉफ-५ चं उदाहरण घेऊ. फॉर्म्युला युनिटमध्ये ४ झिंक, १३ ऑक्सिजन, २४ कार्बन, १२ हायड्रोजन, म्हणजे ५३ अणू, वजन ७६९.९. क्युबिक सेलमध्ये अशी ८ युनिट, म्हणजे ४२४ अणू हवेत. सेलची बाजू २५.८३ अँगस्ट्रॉम, व्हॉल्यूम साधारण १७,२३४ घन अँगस्ट्रॉम. आता ८ गुणिले ७६९.९ गुणिले १.६६०५ भागिले १७,२३४, उत्तर ०.५९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. झिओ प्लस प्लस सरफेस एरियाच्या आउटपुटमध्ये डेन्सिटी छापतं, ती याच्याशी जुळलीच पाहिजे. जास्त आली तर सॉल्व्हंट किंवा डिसऑर्डर राहिलाय, कमी आली तर काहीतरी उडालंय. सिमेट्री उलगडायची राहिली तर एवढ्या मोठ्या सेलमध्ये फक्त ७ अणू असतात, आणि तरीही प्रोग्रॅम बिनतक्रार उत्तर देतो, डबा जवळजवळ रिकामा आहे असं.

सगळ्यात कमी अंतर. एएसई किंवा पायमॅटजेनने पिरिऑडिक अंतरं (शेजारच्या सेलमधले अणूही धरून) काढा आणि लहानातली लहान दहा बघा. ०.८ अँगस्ट्रॉमच्या खाली काही असेल तर डिसऑर्डर राहिलाय किंवा एकच अणू दोनदा आलाय. हायड्रोजन नसलेल्या जोडीत १.१ च्या खाली काही दिसलं तरी थांबा.

डोळ्यांनी बघणं. २ गुणिले २ गुणिले २ सेल उघडा आणि पोअरच्या दिशेने बघा. अधांतरी अणू, अर्धवट रिंग, कार्बनला पाच बाँड, हे लगेच दिसतं.

तीनही पास होईपर्यंत पुढे जायचं नाही.

## ५. अणूंचे रेडियस: यावरून भांडणं होतात

गोळ्याचं माप अणू किती मोठे धरले यावर अवलंबून असतं हे उघड आहे, पण पेपरात हे लिहायला लोक सर्रास विसरतात. डीफॉल्ट टेबलमध्ये ऑक्सिजन १.५२ अँगस्ट्रॉम असतो, झिओलाइटवाले पारंपरिकपणे १.३५ धरतात. वर दिलेला एलटीएचा ४.२१ हा १.३५ वाला आकडा आहे. तीच फाइल १.५२ ने चालवा: खिडकीच्या दोन्ही बाजूंना ०.१७ जास्त, म्हणजे डायमीटर ०.३४ ने कमी, उत्तर ३.८७. मिथेनचा कायनेटिक डायमीटर (अरुंद वाटेतून जाताना रेणूची धरायची जाडी) ३.८ आहे, म्हणजे आरामात जाणारा मिथेन आता घासून जातोय, आणि स्ट्रक्चरमध्ये एक अणूही हललेला नाही.

कुठलं टेबल बरोबर यावर माझं मत विचाराल तर ज्याच्याशी तुलना करायची आहे त्याचंच टेबल घ्या. स्वतःचे रेडियस द्यायला हायफन-आर ऑप्शन आहे, सोबत एलिमेंट आणि रेडियसची साधी टेक्स्ट फाइल. त्यात तुमच्या स्ट्रक्चरमधलं प्रत्येक एलिमेंट, मेटलसकट, आहे ना ते बघून घ्या.

## ६. पहिला रन: तीन डायमीटर

हायफन-एचए आणि हायफन-रेस एकत्र द्या. एचए म्हणजे हाय ॲक्युरसी: वेगवेगळ्या आकाराचे अणू असतील तर साधं व्होरोनॉय विभाजन (सगळी जागा जवळच्या अणूप्रमाणे वाटून घेण्याची पद्धत) थोडं चुकतं, म्हणून मोठ्या अणूंच्या जागी छोट्या गोळ्यांचे झुपके ठेवून हिशोब होतो. थोडा वेळ जास्त लागतो, पण कायम वापरा.

आउटपुटमध्ये तीन आकडे येतात: पोकळीत मावणारा सगळ्यात मोठा गोळा, आरपार जाणारा सगळ्यात मोठा गोळा, आणि आरपार जाण्याच्या त्या वाटेवर मावणारा सगळ्यात मोठा गोळा. पहिला तिसऱ्यापेक्षा मोठा किंवा तेवढाच, आणि तिसरा दुसऱ्यापेक्षा मोठा किंवा तेवढाच असायला हवा. पहिला तिसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल तर सगळ्यात मोठी पोकळी मुख्य वाटेवर नाहीच, बाजूला बंद पडलेली आहे, आणि ही माहिती कामाची आहे. दिशेप्रमाणे मापं हवी असतील तर हायफन-रेसेक्स.

> सावधान: हे तिन्ही आकडे डायमीटर आहेत. पुढच्या सगळ्या कमांडमध्ये प्रोब (रेणूच्या जागी धरलेला कल्पित गोळा) द्यायचा तो रेडियस. नायट्रोजनसाठी ३.६४ टाकणारे दर बॅचला सापडतात, तिथे १.८२ हवं.

## ७. चॅनल आणि बंद कप्पे

हायफन-चॅन आणि प्रोबचा रेडियस दिला की किती चॅनल आहेत आणि ते एका, दोन की तीन दिशांना जातात ते कळतं. कायनेटिक डायमीटर साधारण असे: हीलियम २.६, हायड्रोजन २.८९, कार्बन डायऑक्साइड ३.३, नायट्रोजन ३.६४, मिथेन ३.८. प्रोबसाठी निम्मे करा.

एलटीएमध्येच बघा. मोठ्या पोकळ्यांच्या मधे सोडालाइट केज (छोट्या बंदिस्त पोकळ्या) असतात. सोडालाइटचं स्वतःचं स्ट्रक्चर घेतलं तर आत ६.३२ चा गोळा मावतो पण दारातून जातो फक्त २.५३ चा. म्हणजे नायट्रोजनला आत जागा आहे, आत जायला दार नाही. भूमितीच्या रनमध्ये अशी जागा वेगळी मोजली जाते. पण याच स्ट्रक्चरवर पुढे मॉन्टे कार्लो ॲडसॉर्प्शन (रेणू रँडम टाकून किती शोषले जातात याचा हिशोब) करणार असाल तर तो प्रोग्रॅम रेणू वाटेल तिथे थेट टाकतो, दाराचा विचारच करत नाही, आणि बंद केजसुद्धा भरून टाकतो. त्यासाठी हायफन-ब्लॉक चालवून ब्लॉकिंग गोळ्यांची फाइल आधी बनवून घ्या.

## ८. सरफेस एरिया

हायफन-एसए ला तीन आकडे लागतात: चॅनल ठरवायचा रेडियस, मोजणीचा रेडियस, आणि सॅम्पलची (हिशोबासाठी घेतलेल्या रँडम बिंदूंची) संख्या. पहिले दोन सारखेच ठेवा. बीईटीशी (प्रयोगात गॅस शोषून मोजलेल्या सरफेस एरियाशी) तुलना करायची असेल तर नायट्रोजनचा प्रोब (१.८२, काही पेपरांत १.८६), दर अणूला २००० सॅम्पल. मग सॅम्पल दुप्पट करून परत चालवा, उत्तर टक्क्याच्या आत स्थिर राहिलं तर पुरे.

आउटपुटमध्ये पोहोचता येणारा आणि न येणारा असे दोन गट असतात, आणि प्रत्येकात तीन युनिट: सेलमागे, घन सेंटिमीटरमागे, ग्रॅममागे. ग्रॅममागचा आकडा गुणिले डेन्सिटी बरोबर घन सेंटिमीटरमागचा, एवढं करून बघितलं की कॉलम चुकत नाही.

"सरफेस एरिया शून्य आला" ही नेहमीची तक्रार. झेडआयएफ-८ या मॉफचं उदाहरण घ्या. क्रिस्टल स्ट्रक्चरप्रमाणे खिडकी सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम, आत पोकळी ११.६. नायट्रोजन ३.६४ चा, म्हणून प्रोग्रॅम सगळी जागा बंद ठरवतो आणि पोहोचता येणारा एरिया शून्य देतो. प्रत्यक्षात २००६ मध्ये छापलेली बीईटी १,६३० चौरस मीटर प्रति ग्रॅम आहे. कारण लिंकर थोडे वळतात आणि खिडकी उघडते, तर आपलं मॉडेल दगडासारखं स्थिर. अशा वेळी दोन्ही गटांची बेरीज द्या आणि बेरीज का दिली ते लिहा. शून्य टाळायला प्रोब गुपचूप १.६ करणं हा उपाय नाही. एकूणच खिडकी रेणूपेक्षा थोडीशीच लहान आली म्हणून मटेरियल लगेच बाद करू नका.

## ९. व्हॉल्यूम: इथला घोळ सगळ्यात चिवट

हायफन-व्हॉल जे व्हॉल्यूम देतं ते प्रोबचं केंद्र जिथे जिथे जाऊ शकतं तेवढंच. हायफन-व्होल्पो (व्हॉलच्या पुढे पी-ओ) देतं ते प्रोबच्या अंगाने व्यापता येणारं. फरक किती? ११.०५ डायमीटरची गोल पोकळी धरा, रेडियस ५.५२५. १.८२ चा प्रोब आत असेल तर त्याचं केंद्र भिंतीपासून १.८२ लांब राहणार, म्हणजे केंद्राला मिळणारा गोळा ३.७०५ रेडियसचा. घन करून भागा: जेमतेम ३० टक्के. पोकळी तीच, कमांड बदलली आणि ७० टक्के व्हॉल्यूम गायब.

प्रयोगातून मिळालेल्या पोअर व्हॉल्यूमशी तुलना करायची असेल तर व्होल्पो वापरा. दोन्हींना "पोअर व्हॉल्यूम" म्हणून छापणारे पेपर आहेत, त्यामुळे दुसऱ्याच्या टेबलशी जुळत नसेल तर आधी हेच तपासा. हीलियम व्हॉइड फ्रॅक्शन (रिकाम्या जागेचं प्रमाण) ही तिसरीच गोष्ट, ती रास्पामध्ये हीलियमचे रेणू टाकून बघून, सहसा २९८ केल्विनला काढतात, आणि त्यात भिंतीचं आकर्षण धरलेलं असतं. आणि मर्क्युरीचं व्हॉइड १.२ रेडियसच्या प्रोबने आणि ०.७ च्या जाळीने येतं, डीफॉल्ट बदलला नसेल तर. चित्रासाठी ठीक.

सॅम्पलचं म्हणाल तर इथे संख्या पूर्ण सेलसाठी असते, ५०,००० पासून सुरू करा. फ्रॅक्शन ०.५ च्या आसपास असेल तर एवढ्यात चूक ०.००२ च्या घरात. पण फ्रॅक्शन ०.०१ असेल तर तेवढ्याच सॅम्पलमध्ये आकडा चार-साडेचार टक्के हलतो. अरुंद पोअरला सॅम्पल वाढवा.

## १०. पोअर साइज डिस्ट्रिब्युशन

कुठल्या मापाची पोकळी किती आहे हे हायफन-पीएसडी सांगतं, आकडे हायफन-एसएचेच तीन. मॉफ-५ मध्ये साधारण १२ आणि १५ अँगस्ट्रॉमला दोन शिखरं दिसायला हवीत, कारण फिनाइल रिंगांच्या दिशेमुळे पोकळ्या दोन प्रकारच्या आहेत. एकच पसरट टेकडी आली तर सॅम्पल कमी आहेत किंवा डिसऑर्डर राहिलाय. प्रयोगातला ग्राफ ७७ केल्विनच्या आयसोथर्मवरून (कुठल्या प्रेशरला किती गॅस शोषला याच्या आलेखावरून) मॉडेल बसवून काढलेला असतो, त्यामुळे शिखरांच्या जागा ढोबळ जुळल्या तरी खूप, उंची जुळवत बसू नका.

## ११. प्रयोगाशी जुळत नसेल तर

मोजलेला एरिया कॅल्क्युलेशनपेक्षा कमी असेल तर पहिला संशय प्रयोगातल्या सॅम्पलवर: सॉल्व्हंट पूर्ण निघाला नाही, किंवा फ्रेमवर्कचा काही भाग कोसळला. जास्त असेल तर डिफेक्ट बघा, यूआयओ-६६ या मॉफमध्ये लिंकर गायब असणं अगदी नेहमीचं आहे आणि आयडियल फाइलमध्ये ते नसतं. बीईटी कुठल्या प्रेशर रेंजमध्ये बसवली तेही विचारा, मायक्रोपोरस मटेरियलला पाठ्यपुस्तकातली ०.०५ ते ०.३ रेंज चालत नाही.

## १२. आकड्यासोबत काय लिहायचं

फाइलचा डेटाबेस कोड, काय काय काढलं (धरून बसलेला सॉल्व्हंट काढला की ठेवला हे वेगळं), हायड्रोजन कसे घातले, रेडियसचं टेबल, प्रोबचा रेडियस, सॅम्पलची संख्या, एचए होतं की नाही, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि व्हॉल की व्होल्पो. डायमीटर दोन दशांशांपुरतेच द्या, पुढचे आकडे रेडियसच्या टेबलनेच खोटे ठरतात. साफ केलेली पी-१ फाइल सप्लिमेंटरीमध्ये जोडा, मूळ फाइल नाही.